रोझलिंड फ्रँकलिन : कोळशापासून डीएनएपर्यंत



आज रात्री घरी एक प्रयोग करून बघा. बारीक विणीची ओढणी किंवा रुमाल डोळ्यांसमोर ताणून धरा आणि त्यातून रस्त्यावरच्या लांबच्या दिव्याकडे बघा. दिव्याभोवती फुलीसारखे ठिपके दिसतील. कापड फिरवलं की फुलीही फिरते. कापडाची वीण जितकी बारीक, तितके ठिपके एकमेकांपासून लांब जातात. म्हणजे धागे न मोजताही फक्त ठिपके बघून विणीचा अंदाज करता येतो.

पदार्थातले अणूही असेच विणलेले असतात. पण ही वीण इतकी बारीक की साध्या प्रकाशाची लहर तिच्यापुढे फारच मोठी पडते. क्ष-किरणांची लहर मात्र अणूंमधल्या अंतराएवढी असते. म्हणून पदार्थावर क्ष-किरण सोडले की ते ठराविक दिशांना विखुरतात, आणि मागे ठेवलेल्या फिल्मवर ठिपके किंवा कडी उमटतात. त्यांवरून आतली रचना शोधून काढायची. हेच काम आयुष्यभर करणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंची आज ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

रोझलिंड फ्रँकलिन यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये झाला. सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत त्यांचं शिक्षण झालं. १९३८ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या आणि १९४१ साली त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. गंमत बघा, मुली तिथे शिकत होत्या, परीक्षाही देत होत्या, पण पुरुषांच्या बरोबरीची पदवी केंब्रिजने स्त्रियांना १९४८ पर्यंत दिलीच नाही!

कोळशाचा अभ्यास

दुसरं महायुद्ध सुरू होतं. १९४२ साली रोझलिंड कोळशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत रुजू झाल्या. वरून घट्ट दिसणाऱ्या कोळशात अतिशय बारीक छिद्रं असतात. त्यांत हेलियमसारखा वायू किती शिरतो आणि मोठे रेणू कुठे अडतात, हे त्यांनी मोजलं. कोळसा चाळणीसारखं काम करतो, हे त्यातून स्पष्ट झालं. याच कामावर १९४५ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

१९४७ साली त्या पॅरिसला गेल्या आणि तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत जाक मेरिंग यांच्याकडे क्ष-किरणांचं तंत्र शिकल्या. मिठासारख्या नीटनेटक्या स्फटिकातून फिल्मवर स्पष्ट ठिपके मिळतात. कोळशात अणूंची मांडणी विस्कळीत असते, त्यामुळे तिथे नुसती धुरकट कडी उमटतात. बहुतेकांनी अशी फिल्म बाजूला टाकली असती. रोझलिंड यांनी त्या धुरकटपणाचं मोजमाप केलं.

काही प्रकारचा कार्बन सुमारे ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचं ग्रॅफाइट होतं, म्हणजे आपल्या पेन्सिलीच्या शिशातला पदार्थ. काही कार्बनचं मात्र कितीही तापवलं तरी होत नाही. असं का? पहिल्या प्रकारात अणूंचे छोटे थर आधीच जवळजवळ समांतर असतात, म्हणून ते तापल्यावर सरकून नीट रचले जातात. दुसऱ्या प्रकारात हे थर वेड्यावाकड्या दिशांना असून एकमेकांशी पक्के जखडलेले असतात. रोझलिंड यांनी १९५१ साली मांडलेली ही विभागणी कार्बनच्या अभ्यासात आजही वापरतात.

डीएनए आणि फोटो ५१

जानेवारी १९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. आता समोर होता डीएनएचा केसाहून बारीक धागा. इथे कोळशाच्या कामात लागलेली शिस्त उपयोगी पडली. हवेतला ओलावा बदलला की धाग्याची रचना बदलते, हे त्यांच्या लक्षात आलं. कोरडा असताना एक रूप, त्याला ए म्हणतात. ओला झाला की धागा लांबतो आणि दुसरं रूप येतं, ते बी. आधीच्या फोटोंमध्ये ही दोन्ही रूपं मिसळलेली होती, म्हणून ते वाचता येत नव्हते. रोझलिंड यांनी क्षारांच्या द्रावणांतून हायड्रोजन वायू सोडून कॅमेऱ्यातला ओलावा हवा तेवढा राखला आणि दोन्ही रूपं वेगळी केली.

मे १९५२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी बी रूपाचा ५१ क्रमांकाचा फोटो घेतला. त्यासाठी धाग्यावर सुमारे ६२ तास क्ष-किरण पडत होते! फोटोत ठसठशीत फुली दिसते, आणि अशी फुली म्हणजे मळसूत्राची खूण. फुलीच्या टोकांकडचे ठळक पट्टे सांगतात की दोन पायऱ्यांमधलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम आहे. एका सेंटिमीटरचे १० कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे १ अँगस्ट्रॉम. एक पूर्ण वेढा ३४ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे एका वेढ्यात १० पायऱ्या. पाणी इतक्या सहज आत-बाहेर करतं, त्या अर्थी फॉस्फेटचे गट बाहेरच्या बाजूला असणार, हेही त्यांनी ओळखलं होतं.

त्यांची चूकही मुलांना सांगायला हवी. ए रूपाचे फोटो जास्त तपशीलवार होते, म्हणून त्या बरेच महिने त्यातच गुंतल्या आणि ए रूप मळसूत्री असेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

जानेवारी १९५३ मध्ये किंग्जमधलेच मॉरिस विल्किन्स यांनी रोझलिंड यांना न कळवता तो फोटो जेम्स वॉटसन यांना दाखवला. वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची प्रतिकृती तयार केली. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये तीन लेख आले. रोझलिंड आणि गॉसलिंग यांचा लेख तिसरा होता.

शेवटची वर्षे

तोवर रोझलिंड बर्कबेक कॉलेजात गेल्या होत्या. तिथे त्यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूची रचना शोधली. हा विषाणू पोकळ नळीसारखा असून त्याचा आरएनए प्रथिनांच्या भिंतीत रुतलेला असतो, हे त्यांनी दाखवलं. १९५६ साली त्यांना अंडाशयाचा कर्करोग झाल्याचं कळलं. शस्त्रक्रिया झाल्या, तरी काम थांबलं नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं. त्यात त्यांच्या विषाणूची प्रतिकृती मांडलेली होती.

१९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. हयात नसलेल्या व्यक्तीचं नाव त्यासाठी सुचवता येत नाही. बर्कबेकमधले त्यांचे सहकारी आरन क्लुग यांना १९८२ साली नोबेल मिळालं.

वर्गात सांगताना

मित्रहो, ही गोष्ट आपण बहुतेक वेळा एकाच ओळीत सांगतो : तिचा फोटो दुसऱ्यांनी वापरला. अन्याय झाला, ते सांगायलाच हवं. पण तेवढंच सांगितलं तर मुलींच्या मनात काय उरेल? फक्त एक बिचारी बाई. आणि फोटो कसा मिळाला, हे राहूनच जाईल. त्यामागे कोळशाची ती धुरकट कडी मोजण्यात गेलेली वर्षं होती, ओलावा राखण्याची चिकाटी होती. म्हणून ओढणीतून दिवा दाखवा, मग फोटो ५१ दाखवा आणि विचारा : बाळांनो, ६२ तास ओलावा जरासुद्धा बदलू द्यायचा नाही, तर तुम्ही काय केलं असतं? बघा, मुलं कशी कामाला लागतात ते!