कोपनहेगनचा एकाकी ग्रंथकार : सोरेन कीर्केगार्ड

विसाव्या शतकांतील पाश्चात्य वाङ्मयाशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांच्या कानांवर अस्तित्ववाद हा शब्द आलाच असेल. फ्रान्झ काफ्काच्या कादंबऱ्या, सार्त्रचीं नाटकें किंवा काम्यूचे निबंध यांचा विषय निघाला कीं हा शब्द मागोमाग येतो. परंतु ह्या विचाराचें मूळ शोधीत गेलें असतां आपण पॅरिसला पोहोंचत नाहीं. आपण पोहोंचतों शंभर वर्षें मागें, डेन्मार्कच्या राजधानींतील एका लोंकरीच्या व्यापाऱ्याच्या घरीं.

त्या घरांत ५ मे १८१३ रोजीं सोरेन कीर्केगार्ड जन्मास आला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. डेन्मार्क हा देश आपणांस वाटतो तितका परका नाहीं. बंगालमधील सेरामपूर १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें, आणि तेथेंच राहून विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण व १८१० सालीं मराठी शब्दकोश प्रसिद्ध केला. असो.

सोरेनचे वडील मिकाएल हे जटलंडच्या ओसाड माळरानावर वाढलेले. लहानपणीं ते मेंढरें राखीत. एके दिवशीं थंडीनें व भुकेनें व्याकुळ होऊन त्या पोरानें एका टेकडीवर उभें राहून देवाला शिव्याशाप दिले. पुढें तो मुलगा कोपनहेगनला आला, व्यापारांत त्याचें नशीब उघडलें आणि चाळिशीच्या सुमारास धंदा सोडून घरीं बसण्याइतका पैसा त्याच्यापाशीं जमला. दुसरा कोणी असता तर त्यानें देवाचे उपकार मानले असते. मिकाएल यांना मात्र ही भरभराटच भयंकर वाटूं लागली. ज्या देवाला आपण शाप दिला तो आपणांस असा फुलवीत आहे त्या अर्थीं पुढें कांहीं तरी मोठी शिक्षा ठेवली आहे, असें त्यांनीं मनाशीं घेतलें. १८३४ अखेर सातांपैकीं पांच मुलें व पत्नी मृत्यु पावलीं. प्रभु येशूच्या वयापेक्षां, म्हणजे तेहतीस वर्षांपेक्षां, अधिक आयुष्य आपल्या एकाही अपत्यास लाभणार नाहीं, अशी त्यांची समजूत झाली, आणि ती सोरेनच्याही मनांत रुजली. तो चौतीस वर्षांचा झाला त्या दिवशीं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलें!

ह्या बापलेकांचें एकमेकांवर अतिशय प्रेम होतें. मुलानें बाहेर फिरावयास जाण्याचा हट्ट धरला कीं वडील त्याचा हात धरून घरांतल्या खोलींतच येरझारा घालीत, आणि रस्त्यांत भेटणारीं माणसें, गाड्या, फळवाल्या बायका यांचें असें हुबेहूब वर्णन करीत कीं अर्ध्या तासांत मूल थकून जाई, असें सांगतात. कल्पनाशक्तीचें हें शिक्षण अपूर्व खरें. पण मोठ्यांच्या मनांतला काळोखही त्याच हातानें लहान मुलाकडे जातो, हें ह्या घराच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

सोरेन १८३० सालीं विद्यापीठांत ईश्वरविज्ञान शिकण्यास गेला. पहिलीं कांहीं वर्षें त्यानें नाटकगृहांत, कॉफीच्या दुकानांत व गप्पांत घालविलीं. कर्ज केलें, तें वडिलांनीं फेडलें. १८३८ मध्यें वडील वारले, आणि ते हयात असतांना जी परीक्षा त्यानें टाळली ती त्यांच्या मरणानंतर अभ्यास करून १८४० सालीं दिली. पुढल्या वर्षीं सॉक्रेटिसाच्या वक्रोक्तीवर प्रबंध लिहिला. असे प्रबंध लॅटिनमध्यें लिहिण्याची रीत होती. त्यानें राजाची परवानगी काढून तो मातृभाषेंत लिहिला.

त्याच सुमारास त्याच्या आयुष्यांतील सर्वांत दुःखाची गोष्ट घडली. रेगीने ओल्सेन नांवाच्या मुलीशीं सप्टेंबर १८४० मध्यें त्याचा वाङ्निश्चय झाला. ती अठरा वर्षांची, आनंदी स्वभावाची होती. दुसऱ्याच दिवशीं, आपली चूक झाली, असें सोरेनला वाटलें. आपल्या घराण्याची खिन्नता हिच्या माथीं मारणें हें पाप होय, आणि तिच्यापासून ती लपवून संसार करणें हेंही पापच, अशा पेचांत तो सांपडला. ऑगस्ट १८४१ मध्यें त्यानें अंगठी परत पाठविली. तिनें विनवण्या केल्या, तिच्या वडिलांनीं गळ घातली. तो बधला नाहीं. उलट, तिचें मन आपल्यावरून उडावें म्हणून तो मुद्दाम निर्दयपणाचें सोंग करूं लागला, आणि सर्व शहरानें त्याला लबाड ठरविलें. उपवर मुलींच्या आईबापांस त्याचा राग येईल, आणि तो योग्यच आहे. त्याचा हेतु शुद्ध होता असें मानलें, तरी एका निरपराध मुलीच्या वतीनें सर्व निर्णय त्यानें एकट्यानेंच घ्यावे, हें समर्थनीय वाटत नाहीं.

ह्या जखमेंतून त्याचे ग्रंथ निघाले. तो बर्लिनला गेला, शेलिंगचीं व्याख्यानें ऐकून कंटाळला, आणि परत येऊन फेब्रुवारी १८४३ मध्यें दोन भागांचा एक मोठा ग्रंथ त्यानें प्रसिद्ध केला. त्याचें नांव ‘एक तर हें, नाहीं तर तें’ अशा अर्थाचें आहे. मुखपृष्ठावर मात्र कीर्केगार्ड हें नांव नव्हतें. व्हिक्टर एरेमिता नामक कोणा गृहस्थाला जुन्या मेजाच्या कप्प्यांत दोघांचे कागद सांपडतात: एक रसिक, सुखलोलुप तरुण, दुसरा कर्तव्यनिष्ठ, गृहस्थाश्रमी न्यायाधीश. दोघेही आपापल्या परीनें जीवनाचा अर्थ सांगतात, आणि खरा कोण हें ग्रंथ सांगत नाहीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत दुसऱ्याच टोपणनांवानें अब्राहाम व इसहाक यांच्या मोरिया पर्वतावरील प्रवासाविषयींचें पुस्तक आलें. रविवारच्या शाळेंत ही कथा आपण सहज ऐकतों, कारण शेवट ठाऊक असतो. अब्राहामाला तो ठाऊक नव्हता. तीन दिवस तो मुलाला घेऊन चालला आणि कोणापाशींही बोलूं शकला नाहीं. त्या तीन दिवसांकडे पहावयास हें पुस्तक आपणांस लावतें.

हीं टोपणनांवें केवळ गंमतीखातर नव्हतीं. हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा त्या काळीं दबदबा होता. त्यांत सर्व जगाचा इतिहास एका भव्य इमारतीप्रमाणें मांडलेला असे. कीर्केगार्डची तक्रार अशी कीं, त्या इमारतींत राहावयास माणसाला जागाच नाहीं. मी कसें जगावें ह्या प्रश्नाचें उत्तर गणिताच्या उत्तराप्रमाणें पुस्तकाच्या शेवटीं छापतां येत नाहीं. ज्यानें त्यानें तें स्वतः निवडावें लागतें, आणि निवडीच्या त्या क्षणीं माणसाला कड्यावर उभें राहिल्यासारखी भोंवळ येते. म्हणून लेखकानें मागें सरावें आणि वाचकाला एकटें सोडावें. पुढील शतकांतील कादंबरीकारांनीं निवेदकाला लेखकापासून वेगळें केलें व अखेरचा निवाडा वाचकावर सोंपविला. ती वाट कीर्केगार्डनें आधींच मळविली होती.

१८४६ सालीं ‘कोर्सारेन’ ह्या विनोदी साप्ताहिकानें त्याची टर उडविली. त्याचें पोंक, त्याच्या विजारीचे लहानमोठे पाय, सारीं व्यंगचित्रांत आलीं. शहरांतून फिरत कोणाशींही बोलणें हा त्याचा एकुलता विरंगुळा होता. आतां पोरें मागें लागूं लागलीं आणि तोही संपला.

शेवटचा झगडा त्याच्या स्वतःच्या मंडळीशींच झाला. बिशप मिन्स्टर १८५४ च्या आरंभीं वारले, तेव्हां त्यांना सत्याचे साक्षी म्हणून गौरविण्यांत आलें. कीर्केगार्डला हें सहन झालें नाहीं. जेथें जन्मतःच प्रत्येकजण ख्रिस्ती गणला जातो आणि पाळकाला सरकारी पगार मिळतो, तेथें ख्रिस्ताचा शिष्य होण्यास कांहीं किंमत मोजावी लागते हें लोक विसरले, असा त्याचा आरोप होता. पदरच्या पैशानें त्यानें ‘क्षण’ ह्या अर्थाच्या नांवाचीं पत्रकें काढलीं. त्यांची भाषा कडवट आहे, कित्येक साध्या पाळकांस अन्याय करणारीही आहे. परंतु ख्रिस्ती शाळेंत शिकणाऱ्यांनीं तीं वाचूं नयेत असें मात्र मला वाटत नाहीं. नऊ अंक निघाले. दहावा लिहून तयार होता. ऑक्टोबर १८५५ च्या आरंभीं तो रस्त्यांत कोसळला. इस्पितळांत त्यानें पाळकाच्या हातून प्रभुभोजन घेण्याचें नाकारलें, आणि ११ नोव्हेंबर रोजीं, बेचाळिसाव्या वर्षीं, शांतपणें प्राण सोडला. वडिलांचा पैसा जवळजवळ संपला होता.

डॅनिश भाषा वाचणारे थोडे. म्हणून बाहेरच्या जगास त्याची ओळख उशिरां झाली. १९१३ सालीं प्रागमध्यें काफ्काच्या हातीं त्याच्या रोजनिशींतील वेंचे पडले. काफ्काही तेव्हां एका मुलीशीं विवाह करावा कीं न करावा ह्या यातनेंत होता, आणि ह्या मृत डेन माणसांत त्याला जणुं मित्रच भेटला. जर्मनींत यास्पर्स व हायडेगर यांनीं त्याचे विचार पुढें नेले. काम्यूनें १९४२ सालच्या आपल्या निबंधांत त्याच्याशीं वाद घातला: जग निरर्थक दिसतें येथपर्यंत दोघे बरोबर चालतात, पुढें कीर्केगार्ड श्रद्धेची उडी घेतो आणि काम्यू ती नाकारतो. सार्त्रनें तर निवडीची सारी जबाबदारी ठेवली व देव तेवढा वगळला. इंग्रज कवि ऑडेन मात्र ह्याच ग्रंथांच्या वाचनानें १९४० च्या सुमारास पुन्हां चर्चकडे वळला.

रेगीनेचें लग्न १८४७ मध्यें श्लेगेल नांवाच्या सज्जन अधिकाऱ्याशीं झालें होतें. मार्च १८५५ मध्यें पति वेस्ट इंडीजमधील डॅनिश बेटांचा गव्हर्नर होऊन निघाला, तेव्हां ती सोरेनला रस्त्यांत गांठून, देव तुमचें कल्याण करो, अशा अर्थाचे चार शब्द बोलली. त्यानंतर त्यांची भेट झाली नाहीं. आपलें जें कांहीं उरेल तें तिला द्यावें, असें त्यानें लिहून ठेविलें होतें. पतिपत्नींनीं वारसा नाकारला, केवळ पत्रें व थोड्या वस्तु घेतल्या. पति वारल्यावर म्हातारपणीं तिच्याकडे लोक येत आणि साठ वर्षांपूर्वींच्या त्या वाङ्निश्चयाविषयीं विचारीत. ती सांगत असे. १९०४ सालीं ती वारली, आणि कोपनहेगनच्या ज्या दफनभूमींत सोरेन आहे तेथेंच, पतीच्या शेजारीं, तिलाही ठेवण्यांत आलें.