खाणीतला हिरा : जॉक स्टीन

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये फुटबॉलची मॅच लागली की एक वाद हमखास होतो. सगळ्यात जास्त वेळा लीग जिंकणारा कोच कोण? मँचेस्टर युनायटेडची पोरं लगेच छाती काढून अॅलेक्स फर्ग्युसनचं नाव घेतात. त्यांचंही बरोबरच आहे. १९९३ ते २०१३ या काळात फर्ग्युसनने इंग्लंडची लीग तब्बल १३ वेळा जिंकली, आणि त्याआधी स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनबरोबर ३ वेळा. म्हणजे एकूण १६. ग्लासगो रेंजर्सचे जुने मॅनेजर बिल स्ट्रुथ तर १८ लीगचे धनी! पण मला सांगायचंय ते अशा माणसाबद्दल ज्याच्या नावावर १०च लीग आहेत. त्याच्या शेवटच्या मॅचला त्याचा असिस्टंट म्हणून स्वतः फर्ग्युसन हजर होता. त्या माणसाचं नाव जॉक स्टीन.

जॉक स्टीनचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२चा. गाव बर्नबँक, स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर भागातलं. हा सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा. तिथल्या मुलाला मोठेपणी काय होणार, हे विचारायची गरजच नव्हती. जॉकने १९३७ मध्ये शाळा सोडली, थोडे दिवस गालिचांच्या कारखान्यात काम केलं आणि मग तो खाणीत उतरला. तेव्हा त्याचं वय आपल्या दहावीच्या पोरांएवढं! पुढची जवळजवळ तेरा वर्षं तो जमिनीखालीच राबला. दुसरं महायुद्ध आलं, तरी त्याला लढायला जावं लागलं नाही, कारण देशाला सैनिकांइतकीच कोळशाचीही गरज होती. १९४२ पासून आठवडाभर खाणीत काम आणि शनिवारी आल्बियन रोव्हर्स या छोट्या क्लबकडून मॅच, असं त्याचं टाइमटेबल होतं. आपण एका प्रॅक्टिकलने दमतो ना!

खाणीत माणूस एकटा जगू शकत नाही. शेजारच्याने छताला टेकू नीट लावला नाही, तर आपला जीव जातो. तिथे शेजारी कोणत्या चर्चला जातो हे कोणी विचारत नाही. ही गोष्ट जॉक आयुष्यभर विसरला नाही आणि पुढे ती फार उपयोगी पडली.

प्लेअर म्हणून तो काही स्टार नव्हता. १९५० मध्ये तो पूर्ण वेळ फुटबॉल खेळायला वेल्समधल्या लानेली क्लबकडे गेला. इकडे स्कॉटलंडमधलं त्याचं बंद घर दोनदा फोडलं गेलं. बायको घाबरली, परत जाऊ म्हणाली. आता पुन्हा खाणीतच जायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात डिसेंबर १९५१ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याला फक्त १२०० पौंडांत घेतलं, तेही रिझर्व्ह टीममधल्या पोरांना सांभाळायला! पण मेन टीमचे डिफेंडर एकापाठोपाठ जखमी झाले आणि जॉकला उभं करावं लागलं. तो असा काही खेळला की पुढे कॅप्टनच झाला. १९५४ मध्ये सेल्टिकने लीग आणि स्कॉटिश कप दोन्ही जिंकले. १९३८ नंतरची ती त्यांची पहिली लीग. नंतर घोट्याच्या दुखापतीने त्याचा खेळ कायमचा थांबला, आणि तो परत रिझर्व्हच्या पोरांकडे वळला, या वेळी कोच म्हणून.

इथे थोडं ग्लासगोबद्दल सांगायला हवं. तिथे दोन मोठे क्लब. सेल्टिक हा आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक लोकांसाठी निघालेला क्लब आणि रेंजर्स प्रोटेस्टंटांचा. ही नुसती खेळातली चुरस नव्हती. नोकरी, शेजार, सोयरीक, सगळ्यात हीच भिंत आडवी यायची. जॉक प्रोटेस्टंट. त्याच्या आजूबाजूची माणसं रेंजर्सवाली. तो सेल्टिककडे गेला तेव्हा काही जुन्या दोस्तांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. दुसऱ्या बाजूला सेल्टिकच्या इतिहासात तोवर एकही प्रोटेस्टंट मॅनेजर झालेला नव्हता. म्हणजे हा माणूस दोन्ही घरचा पाहुणा!

मग त्याने बाहेर जाऊन स्वतःला सिद्ध केलं. मार्च १९६० मध्ये बुडत चाललेल्या डनफर्मलिनची सूत्रं हातात घेतली आणि पहिल्या सहाच्या सहा मॅच जिंकून टीम वाचवली. पुढच्याच वर्षी स्कॉटिश कपच्या फायनलमध्ये कोणाला हरवलं? सेल्टिकलाच! १९६३ मध्ये तो इटलीला गेला आणि इंटर मिलानचे गाजलेले कोच हेलेनियो हेरेरा कसं ट्रेनिंग घेतात ते बघून आला. एखादा हुशार स्टुडंट टॉपरच्या जर्नलचा अभ्यास करतो, अगदी तसं.

मार्च १९६५ मध्ये सेल्टिकने त्याला मॅनेजर म्हणून परत बोलावलं. तोवर टीम कोण खेळणार हे क्लबचे चेअरमन ठरवायचे. जॉकची अट साफ होती, टीम मी निवडणार. चेअरमननी ती मान्य केली. त्याने ट्रेनिंगही बदललं. आधी नुसत्या मैदानाला फेऱ्या मारायच्या, आता रोज बॉल पायात आला. डिफेंडरनेही पुढे धावून अॅटॅक करायचा, ही त्याची शिकवण. आणि प्लेअर घेताना धर्म बघायचा नाही, हा नियम.

रिझल्ट? १९६६ पासून १९७४ पर्यंत सलग नऊ वेळा लीग! तोवर स्कॉटलंडमध्ये असं कोणालाच जमलं नव्हतं.

पण खरा दिवस २५ मे १९६७. लिस्बनमध्ये युरोपियन कपची फायनल. समोर इंटर मिलान आणि त्यांचे कोच तेच हेरेरा, ज्यांच्याकडून जॉक शिकून आला होता. इंटरचा डिफेन्स म्हणजे कुलूपबंद दरवाजा. एक गोल करायचा आणि मग दार लावून बसायचं. सातव्याच मिनिटाला सेल्टिकच्या जिम क्रेगने फाऊल केला, पेनल्टी मिळाली आणि मॅझोलाने गोल केला. दार बंद! पण सेल्टिकने धडका मारणं सोडलं नाही. ६३व्या मिनिटाला त्याच क्रेगने उजवीकडून पुढे येऊन पास दिला आणि डावीकडच्या टॉमी गेमेलने दणदणीत गोल मारला. दोघंही डिफेंडर, बरं का! मॅच संपायला थोडाच वेळ असताना चाल्मर्सने दुसरा गोल केला. २-१. हा कप जिंकणारा सेल्टिक हा पहिला ब्रिटिश क्लब. आणि त्या टीममधला प्रत्येक प्लेअर सेल्टिकच्या मैदानापासून ३० मैलांच्या आत जन्मलेला, त्यात कॅथलिकही आणि प्रोटेस्टंटही. त्या सीझनमध्ये क्लब ज्या ज्या स्पर्धेत उतरला ती प्रत्येक त्याने जिंकली.

जॉक कडक होता, पण माणसं ओळखायचा. त्याचा जिमी जॉनस्टन नावाचा छोटासा विंगर विमानाला भयंकर घाबरायचा. १९६८ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारविरुद्ध मॅच होती, पहिली ग्लासगोत आणि दुसरी बेलग्रेडला. हाफ टाइमला स्कोअर १-१. जॉकने त्याला सांगितलं की इथे मोठ्या फरकाने जिंकलो तर तुला बेलग्रेडला यायची गरज नाही. झालं! पठ्ठ्याने दुसऱ्या हाफमध्ये स्वतः दोन गोल केले, मॅच ५-१ अशी जिंकली आणि तो मजेत घरी राहिला.

सगळंच गोड नव्हतं. १९७० मध्ये दुसऱ्यांदा युरोपियन कपची फायनल गाठली, पण फेयेनूर्डने हरवलं. २ जानेवारी १९७१ला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर सेल्टिकविरुद्धची मॅच संपताना जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसं गेली. जवळजवळ सगळे रेंजर्सचे चाहते. त्या दिवशी स्ट्रेचरवरच्या लोकांना मदत करायला जॉक स्टीनही धावला होता. खाणकामगार होता तो. दबलेली माणसं बाहेर काढताना ती कोणाच्या बाजूची हे बघायचं नसतं, हे त्याला शिकवावं लागलं नाही.

१९७५ मध्ये कारचा भीषण अपघात झाला, तो थोडक्यात वाचला. जवळजवळ वर्षभर टीमपासून लांब राहावं लागलं. परत येऊन त्याने १९७७ मध्ये दहावी लीग जिंकली. पण १९७८ मध्ये टीम घसरली आणि क्लबने त्याला बाजूला केलं. टीमशी संबंध नसलेलं, पैसे जमवण्याचं काम त्याला देऊ केलं. ज्याने क्लबला युरोपात नेलं त्याला हे! त्याने ते नाकारलं. थोडे दिवस लीड्समध्ये काढले आणि मग तो स्कॉटलंडच्या नॅशनल टीमचा मॅनेजर झाला.

१० सप्टेंबर १९८५, कार्डिफ. वर्ल्ड कपची आशा टिकवायला वेल्सविरुद्ध निदान ड्रॉ हवा होता. वेल्स एक गोलने पुढे. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना स्कॉटलंडला पेनल्टी मिळाली आणि डेव्ही कूपरने गोल केला. १-१. काम झालं होतं. मॅच संपता संपता जॉक स्टीन कोसळला. स्टेडियमच्याच मेडिकल रूममध्ये त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ६२. त्याचा असिस्टंट अॅलेक्स फर्ग्युसनने ती टीम पुढे १९८६च्या वर्ल्ड कपला नेली. बाकी हिस्टरी आपल्याला माहीतच आहे.

तर मित्रांनो, आकड्यांच्या लिस्टमध्ये जॉक स्टीन पहिला नाही. पण आपल्या होस्टेलमध्येही विदर्भवाले, कोकणवाले, मुंबईवाले असे ग्रुप पडतातच ना? गॅदरिंगची टीम निवडताना आपण आधी काय बघतो, खेळ की गाव? पुढच्या वेळी टीमची लिस्ट लावायच्या आधी या खाणकामगाराची एकदा आठवण काढा. बस, एवढंच सांगायचं होतं.