डॉक्टर रोजे आणि शब्दांच्या जोड्या

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत विरुद्धार्थी शब्द लिहिण्याचा एक प्रश्न बहुधा असतोच, आणि गुण मिळविण्यास सोपा म्हणून विद्यार्थी तो आधीं हातीं घेतात. आम्हांसही तो सोपाच वाटत असे. परंतु एका सहामाही परीक्षेचे पेपर तपासतांना आम्हीं एका मुलाचा अर्धा गुण कापला. प्रश्नांत ‘ओल्ड’ हा शब्द होता. बहुतेकांनीं त्यापुढें ‘न्यू’ असें लिहिलें होतें, ह्या मुलानें ‘यंग’ असें लिहिलें होतें, आणि आम्हीं तांबड्या पेन्सिलीनें फुली मारून मोकळे झालों. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा पेपर घेऊन आला व अत्यंत नम्रपणें विचारूं लागला कीं, आपली आजी जर ‘ओल्ड’ असेल, तर पाळण्यांतल्या बहिणीला ‘न्यू’ म्हणावें काय? सारा वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसतां आलें नाहीं. त्याचा गुण त्याला परत मिळाला. त्याच सायंकाळीं ग्रंथालयांत ज्या जाड पुस्तकाचीं पानें आम्हीं चाळलीं, त्याच्या कर्त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या कर्त्याचें नांव पीटर मार्क रोजे. नांव फ्रेंच वळणाचें आहे, ह्याचें कारण वडील जिनीव्हाचे. ते लंडनमधील सोहो भागांतील फ्रेंच प्रॉटेस्टंट मंदिराचे पाळक होते. पीटरचा जन्म लंडन येथें १८ जानेवारी १७७९ रोजीं झाला. वडिलांना क्षयानें ग्रासलें व १७८३ सालीं ते वारले. पीटर तेव्हां चार वर्षांचा होता. पदरीं तो व एक धाकटी मुलगी. आई कॅथरिन हिनें पुढील आयुष्य बिऱ्हाडें बदलण्यांत आणि मुलाची काळजी वाहण्यांत घालविलें. ह्या कुटुंबास मोठा आधार होता तो आईचे बंधु सॅम्युएल रॉमिली ह्यांचा. हे नामांकित कायदेपंडित होते. खिसा कापणाऱ्यासही फांशीं देणारा जुना कायदा १८०८ सालीं त्यांच्याच खटपटीनें रद्द झाला. पीटरच्या मनांत वडिलांची जागा ह्या मामांनीं घेतली.

घरांत स्थैर्य नसलेलीं मुलें कधीं कधीं आपल्यापुरतें एक व्यवस्थित जग उभें करितात. पीटरनें तें वह्यांत उभें केलें. लहानपणींच तो लॅटिन शब्द व त्यांचे अर्थ विषयवार मांडून ठेवूं लागला. चौदाव्या वर्षीं तो एडिंबरोच्या विश्वविद्यालयांत दाखल झाला आणि १७९८ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं, वैद्यकाचा पदवीधर होऊन बाहेर पडला. इतक्या कोवळ्या डॉक्टरावर कोण रोगी विश्वास ठेवणार? म्हणून कांहीं काळ त्यांनीं ब्रिस्टल येथें डॉक्टर बेडोज ह्यांच्या संस्थेंत घालविला. तेथें हंफ्री डेव्ही हे हंसविणाऱ्या वायूचे प्रयोग करीत होते आणि रोजे ह्यांनींही तो वायु हुंगून पाहिला.

त्यांच्या तारुण्यांतील एक प्रसंग विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. १८०२ सालीं इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यामध्यें तह झाला होता. मँचेस्टरच्या एका धनिक गिरणीवाल्यानें आपल्या दोन मुलांस युरोपचा प्रवास घडविण्याकरितां रोजे ह्यांस शिक्षक नेमिलें. ही मंडळी पॅरिस पाहून जिनीव्हास पोहोंचली. पुढल्या वर्षीं तह मोडला, आणि बोनापार्टनें आपल्या राज्यांत सांपडेल त्या प्रौढ इंग्रज पुरुषास अटक करण्याचा हुकूम सोडिला. जिनीव्हा त्या काळीं फ्रान्सला जोडलेलें होतें. आतां काय करावें? रोजे ह्यांनीं वडिलांचा जन्म जिनीव्हाचा असल्याचा आधार शोधून काढिला, आणि आपण इंग्रज नसून येथलेच नागरिक आहों अशीं कागदपत्रें मिळविलीं. एका कागदावर जो परका, तोच दुसऱ्या कागदावर घरचा! मग मुलांस घेऊन आडमार्गानें ते जर्मनीच्या मुलुखांत निसटले व इंग्लंडास परतले. त्यांच्या ओळखीचा लव्हेल एजवर्थ नांवाचा तरुण मात्र ह्या हुकमांत सांपडला, आणि १८१४ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षें, त्याला फ्रान्सांत बंदिवासांत राहावें लागलें.

१८०४ सालीं ते मँचेस्टर येथें रुग्णालयांत वैद्य झाले. दिवसा रोगी, संध्याकाळीं व्याख्यानें, आणि त्यांतून लिखाण. असा क्रम चाललेला असतांना त्यांस एक अडचण वारंवार भासूं लागली. मनांत कल्पना स्पष्ट असे, पण नेमका शब्द वेळेवर सुचत नसे. शब्दकोश येथें कामाचा नाहीं, कारण तेथें शब्द ठाऊक असल्याशिवाय अर्थ सांपडत नाहीं. आणि येथें तर अर्थ हातांत आहे व शब्द हरवला आहे. म्हणून १८०५ सालीं त्यांनीं केवळ आपल्या उपयोगाकरितां एका वहींत शब्द गोळा केले, ते वर्णानुक्रमानें न लावितां अर्थाच्या नात्यानें लाविले, आणि वही जवळ बाळगली. ती छापावी असें पुढें सुमारें पंचेचाळीस वर्षें त्यांच्या मनांत आलें नाहीं.

ह्या मधल्या काळांत त्यांनीं जें केलें, तें एरवीं एका मनुष्याच्या कीर्तीस पुरेसें झालें असतें. १८०८ सालीं ते लंडनास आले. गणितांतील घात व मुळें काढण्यास उपयोगी पडेल अशी एक नवी सरकपट्टी त्यांनीं तयार केली, व त्याबद्दल १८१५ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपल्या सभासदांत घेतलें. १८२४ च्या अखेरीस त्यांनीं ह्या सोसायटीपुढें आणखी एक निबंध ठेविला. उभ्या फटींतून धांवत्या गाडीचें चाक पाहिलें असतां सरळ आरे वांकडे कां दिसतात, हा त्याचा विषय. चलच्चित्रांचा इतिहास लिहिणारे पुष्कळदां ह्या निबंधापासून आरंभ करितात. त्यांनीं त्यावरून काढलेलीं सर्वच अनुमानें आज मान्य नाहींत, परंतु निबंध चांगला आहे व चाकाचा प्रयोग कुंपणाच्या फळ्यांतून कोणासही करून पाहतां येईल. १८२७ पासून १८४८ पर्यंत, एकवीस वर्षें, ते सोसायटीचे चिटणीस होते. १८३४ सालीं प्राणी व वनस्पती ह्यांच्या शरीररचनेवर त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, व त्याच वर्षीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें शरीरशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. बुद्धिबळाच्या घोड्यानें पटावरील प्रत्येक घरांत एकदांच कसें जावें, ह्या कूटावरही त्यांनीं वेळ खर्च केला. कीर्ति व उद्योग ह्यांची ही बाजू.

दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय त्या वहीचें मोल कळणार नाहीं. १८१८ च्या ऑक्टोबरांत मामींचा अंत झाला, व त्या दुःखानें मामांचें चित्त ढळलें. रोजे वैद्य म्हणून त्यांच्याजवळ होते. तरीही थोड्याच दिवसांत मामांनीं आपल्या हातानें आपलें जीवन संपविलें, आणि ज्यांना पित्याच्या जागीं मानिलें त्यांना रोजे वांचवूं शकले नाहींत. १८२४ सालीं मेरी हॉब्सन ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला; नऊ वर्षांनीं, १८३३ सालीं, कर्करोगानें त्याही गेल्या. मागें एक मुलगी व एक मुलगा राहिला. अशा प्रसंगांनंतर कोणी देशाटन करितो, कोणी अबोल होतो. हा मनुष्य कामाकडे परतला. जग विस्कटलें तरी शब्द जागच्या जागीं राहतात, असें त्यांना वाटत असेल काय? आम्हांस तसें वाटतें, इतकेंच म्हणतों.

१८४८ सालीं चिटणिसाचें काम सुटलें. वय सत्तरीच्या घरांत. तेव्हां त्यांनीं जुनी वही काढिली, आणि तीनचार वर्षें अखंड खपून १८५२ सालीं लाँगमन ह्यांच्या छापखान्यांतून ती पुस्तकरूपानें बाहेर आणिली. नांव ठेविलें ‘थिसॉरस’. ह्या ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ भांडार, खजिना; आपला ‘कोश’ हा शब्दही नेमका ह्याच दोन अर्थांचा आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पहिल्या आवृत्तींत सुमारें १५,००० शब्द होते. सर्व विचारसृष्टीचे सहा मोठे वर्ग पाडून त्यांखालीं १,००० सदरें मांडिलीं होतीं. पहिलें सदर ‘अस्तित्व’, दुसरें ‘अभाव’. येथेंच युक्ति दिसते. पान दोन स्तंभांत विभागलेलें. डावीकडे एक कल्पना, उजवीकडे तिच्या समोर तिची विरुद्ध कल्पना. हरवलेला शब्द सांपडत नसेल, तर त्याच्या उलट शब्दाच्या समोर पाहावें.

परंतु जोड्या लावतां लावतां डॉक्टर रोजे ह्यांस तेंच दिसून आलें, जें आमच्या वर्गांतील मुलानें आजीवरून सांगितलें. प्रस्तावनेच्या ओघांत त्यांनीं ह्याविषयीं मुद्दाम लिहिलें आहे, आणि ‘ओल्ड’ हेंच उदाहरण घेतलें आहे! वस्तूविषयीं बोलणें असेल तर ‘न्यू’, सजीवाविषयीं असेल तर ‘यंग’. ‘गिव्हिंग’ म्हणजे देणें, ह्याच्या समोर कोण बसवावा? देणारा व ज्याला मिळतें तो, ह्या दोन माणसांचें नातें पाहिलें तर ‘रिसीव्हिंग’. वस्तु कोणत्या रीतीनें हातांत आली हें पाहिलें तर ‘टेकिंग’. ‘ट्रुथ’ ह्याचें तसेंच. मनांतलें सत्य चुकलें तर तो ‘एरर’, म्हणजे भ्रम, आणि दुसऱ्याला सांगतांना सोडलें तर तें ‘फॉल्सहुड’, म्हणजे असत्य. गणितांत बेरीज चुकणारा मुलगा आणि खोटी बेरीज सांगणारा दुकानदार ह्यांत जें अंतर आहे, तेंच ह्या दोन शब्दांत आहे. ‘यूज’ ह्याच्या उलट वापर न करणें हें एक, व दुरुपयोग करणें हें दुसरें. ‘टीचिंग’ ह्याच्या उलट काय? काय शिकविलें हें पाहिलें तर चुकीचें शिकविणें. क्रिया पाहिली तर शिकणें. आम्हां शिक्षकांनीं हें शेवटचें उदाहरण रोज सकाळीं आठवावें. शिवाय कांहीं कल्पना दोघांतच आटपत नाहींत; इच्छा व तिरस्कार ह्यांच्यामध्यें उदासीनता उभी असते, भूत व भविष्य ह्यांच्यामध्यें वर्तमान. त्यांसाठीं त्यांनीं तिसरी जागा मानिली.

हें केवळ इंग्रजीचें वैचित्र्य नव्हे. आपल्या ‘कच्चा’ ह्या शब्दाकडेच पाहा. आंबा कच्चा असेल तर त्याच्या उलट पिकलेला, भात कच्चा असेल तर शिजलेला, वीट कच्ची असेल तर भाजलेली, रस्ता कच्चा असेल तर पक्का. शब्द एकच, पण सोबती बदलला कीं विरोधकही बदलतो. म्हणून प्रश्नांत ‘लाइट’ आला तर पेटी उचलावयाची आहे कीं खोलींत दिवा लावावयाचा आहे हें आधीं पाहावें, मग ‘हेव्ही’ किंवा ‘डार्क’ लिहावें. ‘हार्ड’ असेल तर उशी कीं उदाहरण, ‘शॉर्ट’ असेल तर माणूस कीं दोरी, हें विचारावें. वाक्यांत ‘बट’ किंवा ‘नॉट’ असेल तर अर्धें उत्तर तेथेंच दडलेलें असतें. आणि वाक्यच दिलेलें नसेल तर? तर दोन्ही उत्तरें बरोबर धरावीं, असें आमचें आतां मत झालें आहे. पालकांनींही घरीं शब्दांच्या जोड्या घोकून घेतांना प्रत्येक जोडीस एक वाक्य जोडावें.

एका गोष्टीचा उल्लेख मराठी वाचकांसाठीं करावयाचा आहे. आपल्यापूर्वीं अर्थावरून शब्द लावण्याचे प्रयत्न कोणीं केले, हें सांगतांना रोजे ह्यांनीं अमरसिंहाच्या अमरकोशाचें नांव घेतलें आहे. कोलब्रुक ह्यांनीं त्याचें इंग्रजी रूपांतर केलें होतें व तें १८०८ सालीं श्रीरामपूर येथें छापलें गेलें होतें. रोजे ह्यांनीं तें पाहिलें आणि त्यांची निराशा झाली. मांडणी त्यांस गोंधळाची वाटली. ज्यांच्या घरीं आजोबा पहांटे अमरकोश म्हणत असत, त्यांना हें वाचून थोडें लागेल. परंतु अमरसिंहाला वर्ग पाडावयाचे होते ते पाठ करणाऱ्यासाठीं, पद्यांत बसतील असे, शब्दाचें लिंगही कळेल असे. रोजे ह्यांस हवें होतें तें टेबलावर पुस्तक उघडून लिहिणाऱ्यासाठीं. कामें निराळीं, म्हणून मांडणी निराळी.

ह्या पुस्तकांत एक उणीवही आहे. त्यांत शब्दांचे अर्थ दिलेले नाहींत, नुसते शब्द शेजारीं शेजारीं बसविले आहेत. ज्याला भाषा येते त्याला तें सोन्याची खाण, ज्याला येत नाहीं त्याला खड्डा. साध्या ‘बिग’ च्या जागीं तेथील लांबलचक शब्द निवडून निबंध सजविणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांच्या वह्यांत आमची तांबडी पेन्सिल न्याय्य कारणानें झिजली आहे.

पुस्तक खपलें. रोजे ह्यांच्या हयातींतच तें २५ हून अधिक वेळां छापलें गेलें, आणि ते अखेरपर्यंत पानांच्या कडेला नवे शब्द भरीत राहिले. १२ सप्टेंबर १८६९ रोजीं वेस्ट मॅल्व्हर्न येथें, नव्वदाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. १८७९ ची मोठी सुधारलेली आवृत्ति मुलगा जॉन लुई ह्यानें काढिली, आणि त्याच्यामागें नातू सॅम्युएल रॉमिली रोजे ह्यानें तें काम चालविलें. नातवाला नांव मिळालें होतें तें त्या मामांचें. पुढील संपादकांनीं दोन स्तंभांची रचना मोडली, परंतु विरुद्ध कल्पना आजही बहुधा लागोपाठच्या क्रमांकांवर सांपडतात. आमच्या ग्रंथालयांतील प्रत जुनी आहे, दोन स्तंभांची. खिडकीजवळच्या कपाटांत, वरून दुसऱ्या फळीवर ती ठेविली आहे. तिचा पुठ्ठा सुटत आला आहे, तेव्हां दोन्ही हातांनीं उचलावी.