विश्लेषण : मोठी गोळी की अचूक गोळी? जिम कॉर्बेट यांच्या रायफली आणि काडतुसांची गोष्ट

कुमाऊंच्या चंपावत भागात १९०७ मध्ये मारली गेलेली नरभक्षक वाघीण ४३६ माणसांच्या मृत्यूला कारणीभूत मानली जाते. त्यांपैकी सुमारे २०० बळी नेपाळमधले, उरलेले कुमाऊंतले. जिम कॉर्बेट यांनी तिला मारल्यावर तिचा जबडा तपासला, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. कारण होते कुणीतरी पूर्वी झाडलेली बंदुकीची गोळी. त्या गोळीने वाघीण मेली नाही, पण नैसर्गिक सावज धरण्याची तिची ताकद गेली आणि ती माणसांकडे वळली. कोणत्या प्राण्यावर कोणते काडतूस वापरायचे, हा आज शौकीन नेमबाजांच्या गप्पांचा विषय असेल; कॉर्बेट यांच्या काळात चुकलेल्या गोळीची किंमत गावे मोजत होती.

पहिली बंदूक तारेने बांधलेली

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचे असतानाच ते वारले. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा कुटुंबाचा शिरस्ता होता. जंगल घराला लागूनच होते. बेचकी, मग धनुष्यबाण आणि त्यानंतर एक जुनी ठासणीची दुनळी अशी त्यांची चढती भाजणी. या दुनळीची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने नळ्यांना बांधलेला होता. म्हणजे एकच बार, तोही पुन्हा भरायला वेळ लागणारा. एका बारात काम झाले पाहिजे, ही सवय बहुधा इथेच लागली.

पुढे शाळकरी कॅडेट असताना त्यांना .४५० मार्टिनी रायफल वापरायला मिळाली आणि तिनेच त्यांनी पहिला बिबट्या मारला. या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. .४५० म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या हजार भागांपैकी ४५० भाग, साधारण साडेअकरा मिलिमीटर. मार्टिनी-हेन्रीच्या लष्करी काडतुसात ३१ ग्रॅमची शिशाची गोळी असे आणि ती सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने सुटे. गोळी जड, वेग कमी, धूर भरपूर आणि खांद्याला बसणारा धक्का मोठ्या माणसालाही नकोसा. दहा-बारा वर्षांच्या मुलाचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

चंपावतला तीनच काडतुसे

अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कॉर्बेट रेल्वेत नोकरीला लागले. नंतर गंगेकाठच्या मोकामेह घाटावर माल उतरवण्या-चढवण्याचे कंत्राट त्यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळले. नरभक्षकांच्या शिकारी या कामातून सुटी काढून होत. त्यासाठी बक्षीस घ्यायचे नाही आणि इतर शिकाऱ्यांना त्या भागातून आधी परत बोलवायचे, अशा त्यांच्या अटी असत. दुसरी अट नीट पाहण्यासारखी आहे. जंगलात चार हौशी बंदुका फिरत असल्या की जखमी जनावर मागे राहण्याचा धोका वाढतो.

चंपावतच्या वाघिणीसाठी जवळपास तीनशे गावकऱ्यांनी हाका केला. कॉर्बेट यांच्या हातात .५०० ची दुनळी रायफल होती आणि सोबत फक्त तीन काडतुसे. दोनच बारांची संधी मिळेल, तिसरे अडीअडचणीला, असा त्यांचा हिशेब होता. तीनही संपली तरी वाघीण उभीच होती. मग त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची जुनीपुराणी बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात बोट शिरेल एवढी फट होती. त्या बाराची गोळी तोंडाऐवजी पंजाला लागली, पण आधीच्या जखमांनी वाघीण संपत आली होती. ती कोसळली. काडतूस मोठे असून भागत नाही, ते पुरेसे सोबत असावे लागते, हे इथे दिसले.

.२७५ रिग्बी : हलकी, पण पुरेशी?

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी बसवलेली होती. .२७५ रिग्बी हे इंग्रजी नाव. काडतूस मुळात जर्मन, माउझर कंपनीचे ७×५७ मिलिमीटर. गोळी साधारण ९ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८३० मीटर. म्हणजे मार्टिनीच्या गोळीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी वजन, पण वेग दुप्पट. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ही छोटी गोळी सुमारे ३,१०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, तर मार्टिनीची २,६०० च्या आसपास. शिवाय मार्ग सपाट, त्यामुळे लांबवर नेम धरताना अंदाज कमी चुकतो, आणि धक्का सौम्य.

वाघाला हे काडतूस पुरते का, यावर तेव्हाही वाद होता. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले, मेंदूचा अचूक वेध घेऊन. पण बेलसारखा नेम किती जणांचा असतो? साध्या शिकाऱ्याच्या हातात हीच रायफल म्हणजे जखमी जनावरांचा कारखाना ठरली असती.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर १२५ बळी घेतल्याची नोंद आहे. मे १९२६ मध्ये गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावर बसून कॉर्बेट यांनी त्याला रात्रीच्या अंधारात टिपले ते याच .२७५ ने, नळीवर बांधलेल्या बॅटरीच्या क्षणभराच्या उजेडात. एप्रिल १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीशी गाठ पडली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. वाघीण अगदी आठ फुटांवर. रायफल एका हाताने, सावकाश, जवळपास पाऊण वळसा फिरवत त्यांनी नेम धरला आणि बार काढला. जड दुनळी एका हाताने अशी वळवणे जवळजवळ अशक्य. त्या दिवशी रायफलीचा हलकेपणाच कामी आला.

मग .४५०/४०० कशासाठी?

दाट झाडीत, अंगावर येणाऱ्या वाघासाठी कॉर्बेट जेफ्री कंपनीची .४५०/४०० ची दुनळी बाळगत. नावातले दोन आकडे गोंधळात टाकतात. .४५० च्या पितळी पुंगळीचे तोंड आवळून तिच्यात .४०० च्या आसपासची गोळी बसवली, असा त्याचा अर्थ. गोळी २६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६५० मीटरच्या घरात, ऊर्जा सुमारे ५,५०० ज्यूल. नेम थोडा हुकला तरी जनावर जागीच थांबण्याची शक्यता वाढते. दुनळी असल्याने दुसरा बार बोल्ट न ओढता लगेच निघतो.

या काडतुसाला भारतात आणखी एक सोय होती. बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी रायफलींना गोळ्या मिळतील या भीतीने सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० च्या काडतुसांवर भारतात बंदी घातली. .४५०/४०० ची गोळी लहान, त्यामुळे ते काडतूस बंदीतून सुटले.

किंमत मात्र खांद्याने मोजायची. ३० नोव्हेंबर १९३८ च्या संध्याकाळी ठाकच्या नरभक्षक वाघिणीला कॉर्बेट यांनी वाघाचा आवाज काढून बोलावले आणि याच रायफलीने मारले. ते खडकाच्या अरुंद कडेवर उभे होते. धक्क्याने ते मागे, खाली बसलेल्या सोबत्यांच्या अंगावर पडले. तेव्हा त्यांचे वय ६३ होते. नरभक्षकाची ही त्यांची शेवटची शिकार.

रायफलींचे पुढे काय झाले?

तोवर कॉर्बेट यांचा ओढा कॅमेऱ्याकडे वळला होता. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचाही आग्रह होता. १९५७ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. ते पाहायला ते नव्हते. १९४७ च्या अखेरीस बहीण मॅगी यांच्यासह ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले.

जेफ्रीची दुनळी अमेरिकेत, एल्मर कीथ या बंदूकविषयक लेखकाच्या संग्रहात पोहोचली आणि २०१५ मध्ये लिलावात विकली गेली. चांदीच्या पट्टीची .२७५ कॉर्बेट यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली होती. ती आता पुन्हा रिग्बी कंपनीकडे आहे.