दोन गड आणि एक तळं

होस्टेलमध्ये ट्रेक कधी शहाण्यासारखा ठरत नाही. रात्री दीड वाजता कोणीतरी सबमिशनची फाईल उतरवत असतो, त्यातच तो मान वर करून रायगडाचं नाव घेतो आणि खोलीतले सातच्या सात हो म्हणतात. शनिवारी रात्री परळ डेपोत आम्ही पाचच होतो. बाकीच्या दोघांचा ताप सोमवारी उतरला असं नंतर कळलं.

मित्रांनो, हा लेख ट्रेकचा आहे असं समजून वाचायला घेतलात तर थोडी फसगत होईल. रायगडावर ज्याला त्याला महाराजच दिसतात. मलाही दिसले. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसऱ्याच एका माणसाचा विचार होता, आणि त्याचं कारण माझा रूममेट.

झालं असं की महिनाभर आधी, 5 डिसेंबरच्या रात्री, मी दादर स्टेशनवर अडकलो होतो. पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. घामाघूम होऊन मी माटुंग्याला रूमवर आलो आणि त्या गर्दीबद्दल तोंडाला येईल ते बोललो. रूममेट परभणीकडचा आहे. तो ड्रॉइंग शीटवर मान घालून बसला होता, काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर एक डबा होता. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. होस्टेलच्या नियमाप्रमाणे डबा ज्याचा असेल त्याचा, पण अर्धा तरी मीच संपवला. संध्याकाळी कळलं की डबा त्याच्या आईनं आणला होता. ती त्याच गर्दीत होती, रात्री शिवाजी पार्कवर उघड्यावर झोपली होती आणि पहाटे गेटवर डबा देऊन परत रांगेत गेली होती. तिला आत चहाला का नाही बोलावलंस, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

तर, साडेचारला महाडला उतरलो. पाचाडची गाडी उजाडल्यावर होती. बाकीचे तिघं स्टँडवरच बाकड्यांवर आडवे झाले आणि रूममेट म्हणाला की तो चवदार तळ्यावर जाऊन येतो. मी बरोबर गेलो. अंधारात पायऱ्या उतरून त्यानं हात बुडवला, चेहऱ्यावर पाणी घेतलं आणि सॅकमधली रिकामी बिसलेरीची बाटली भरून घेतली. आईसाठी, एवढंच म्हणाला.

बाबासाहेबांचं चरित्र आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. जन्म 14 एप्रिल 1891, महू. राज्यघटना. निबंधाला पाच मार्क. पण त्या पायऱ्यांवर बसल्यावर मला जाणवलं की हा माणूस जवळजवळ आयुष्यभर आपल्याच गल्लीबोळात राहिला आणि आपल्याला ते कोणी नीट सांगितलंच नाही. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आलं ते परळच्या डबक चाळीत. खोली एकच. तिच्यातच चूल, सरपण, भांडीकुंडी आणि एक बकरी. सगळ्यांना एकदम पाय पसरता येत नसत. म्हणून पोरगा लवकर झोपायचा आणि वडील जागे राहायचे. दोन वाजता ते त्याला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. आपल्या नाईटआउटचं आपण किती कौतुक करून घेतो!

शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, धोबी तलावला. शाळा सुटली की हा मुलगा गिरगावातल्या चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसायचा. तिथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला हेरलं. 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कार झाला, अध्यक्ष होते सी. के. बोले. केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. त्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. मला गंमत वाटते ती वेगळीच. याच केळुसकरांनी शिवाजी महाराजांचंही मोठं चरित्र लिहिलं. म्हणजे बुद्ध आणि शिवाजी, दोघांचा चरित्रकार एकच, आणि तो चर्नी रोडच्या बाकावर बसायचा. आज तिथून जाताना आपण फक्त लोकल किती लेट आहे ते बघतो.

पुढचं भराभर सांगतो. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, 1913 साली न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. मध्येच बडोद्याला नोकरी, तिथे राहायला खोलीच मिळाली नाही. 1918 साली मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर स्टाफरूममधल्या माठाला त्यांनी हात लावू नये अशी काही सहकाऱ्यांची इच्छा. परत लंडन, डी.एस्‌सी., बॅरिस्टर. 1923 साली परत आले ते परळच्या बी.आय.टी. चाळीत, दोन खोल्यांत. ऑफिस परळच्याच दामोदर हॉलमध्ये. एवढ्या पदव्यांचा माणूस गिरणी कामगारांच्या शेजारी राहत होता आणि खाली नळावर भांडणं चालू असायची. या चाळीत त्यांची सुमारे बावीस वर्षं गेली.

सी. के. बोले हे नाव लक्षात ठेवा. याच बोल्यांनी 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली त्याप्रमाणे चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागदावरच. तीन वर्षं कोणी एक ओंजळ घेतली नाही. मार्च 1927 मध्ये परिषद भरली तेव्हा आलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी नव्हतं, ते चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. 20 मार्चला सगळे रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. नंतर गावात अफवा उठली की आता हे देवळात घुसणार, आणि काठ्या घेऊन लोक जेवणाऱ्यांवर तुटून पडले. तळ्याचंही शुद्धीकरण झालं, शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून. हे सगळं वाचलेलं होतं. पण जिथे बसून मी बुटाची नाडी बांधत होतो तिथेच हे झालं, हे अंगावर आलं.

सहा आसनीतून पाचाडला पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. रायगड समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या वर आहे. पायऱ्या चौदाशे की पंधराशे यावर आमच्यात वाद झाला, मोजायला कोणी तयार नव्हतं. रोपवे 1996 पासून आहे, पण मेकॅनिकलच्या पोरांनी रोपवेने जायचं म्हणजे नाक कापून घेणं. खूबलढा बुरुज, मग वळणावळणाने महादरवाजा. महादरवाजाच्या आधीचा चढ छातीत भरतो. पहिल्या तासात तीन बाटल्या संपल्या. चौथी रूममेटच्या सॅकमध्ये होती, पण तिच्यात तळ्याचं पाणी होतं. तिच्याकडे सगळ्यांनी बघितलं, मागितली कोणीच नाही.

याच गडावर बाबासाहेबही आले होते. हे मला त्या दिवशी चढताना रूममेटनं सांगितलं, आणि नंतर लायब्ररीत शोधून मी खात्री करून घेतली. डिसेंबर 1927. महाडला दुसऱ्यांदा परिषद. आदल्या हाणामारीमुळे आणि मोटारवाले बसू देतील याची खात्री नसल्यामुळे ही मंडळी मुंबईहून पद्मावती नावाच्या बोटीने निघाली, दासगावला उतरली आणि तिथून चालत महाडला गेली. मंडपाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं दिली. 25 डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही सांगायला हवं. तळ्यावर मात्र जाता आलं नाही. विरोधकांनी कोर्टातून मनाई आणली होती. हजारो माणसं सत्याग्रहाला तयार असताना बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं, नुसती मिरवणूक काढली. मारामारीपेक्षा थांबवणं अवघड गेलं असणार, असं मला वाटतं. आमचा मोर्चा कॅन्टीनपर्यंत थांबवायचा तर जीएसचा घसा बसतो.

परिषद आटोपल्यावर ते आपल्या सहकाऱ्यांना घेऊन रायगडावर आले. वय छत्तीस. त्यांनी वर काय पाहिलं, कुठे बसले, हे मला ठाऊक नाही म्हणून रंगवून सांगत नाही. पण जगदीश्वराच्या देवळाशी, समाधीसमोर उभा राहिलो तेव्हा वाटलं, तळ्याच्या काठावरून परत फिरलेला माणूस दोन दिवसांत इथे येतो, याला काहीतरी अर्थ असेलच. त्याच वर्षी मे महिन्यात बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचं अध्यक्षपदही त्यांनीच भूषवलं होतं.

तळ्याचा खटला चालूच राहिला. हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. दहा वर्षं. एका ओंजळीसाठी.

दुसरा गड दौलताबाद. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, छोट्याशा आत्मकथनात. 1934 साल. तोपर्यंत गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार झाला होता. तीसेक माणसांचा गट वेरूळ बघायला निघाला, तेव्हा तो भाग निजामाचा. कटकट नको म्हणून आपण कोण ते न सांगता फिरायचं असं ठरलं होतं. रमजानचा महिना. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीनं सगळे माखले होते, काहींनी तिथे हातपाय धुतले. आत शिरले आणि मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला, यांनी हौद बाटवला म्हणून. बघता बघता जमाव जमला. शिवीगाळ सुरू झाली, स्थानिक अस्पृश्यांना धमक्या. शेवटी बाबासाहेबांनी विचारलं की आम्ही मुसलमान झालो असतो तर पाणी बंद केलं असतंत का. त्यावर जमाव जरा निवळला. पहारेकऱ्यानं किल्ला बघायची परवानगी दिली, पण अट घालून. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि अट मोडली जाते का ते बघायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला.

दौलताबाद आम्ही सेकंड इयरला केला होता. खंदक, ती काळोखी भुयारी वाट, मग बारादरीपर्यंतच्या न संपणाऱ्या पायऱ्या. वर पोचलो तेव्हा पाण्यासाठी आमची अक्षरशः झोंबाझोंबी झाली होती. तो चढ, पाठीमागे बंदूक घेतलेला माणूस, आणि तो बघतोय कशाकडे, तर तुमचे हात ओले होतात का याकडे. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि होस्टेलच्या कूलरपाशी जाऊन उगाच उभा राहिलो.

त्याच लिखाणात लहानपणचीही हकीकत आहे. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली पोरं मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कोणी आलेलं नसतं. गाडीवान दुप्पट भाडं घेतो, वर गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. डबा भरलेला, पण रात्रभर प्यायला पाणी नाही, म्हणून डबा तसाच. अशा मुलाने पुढे काय करावं? व्हाइसरॉयच्या मंडळात 1942 ते 46 मजूर खातं त्यांच्याकडे आलं, त्यात पाटबंधारे आणि वीजही होती. दामोदर, महानदी या खोऱ्यांच्या योजना आणि 1945 चा केंद्रीय जलआयोग त्या काळातले. सिव्हिलच्या मित्रांनी हे आपल्या सरांना विचारून बघावं, आमच्या इरिगेशनच्या पुस्तकात तरी त्यांचं नाव नाही. आणि 1950 साली त्यांनी कॉलेज काढलं ते औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला. दौलताबादचा किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर.

राजगृह आपल्या होस्टेलपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, हिंदू कॉलनीत. पुस्तकांसाठी बांधलेलं घर. 27 मे 1935 ला रमाबाई तिथेच गेल्या. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत गेले. त्यांचं पार्थिव विमानानं मुंबईला आणलं ते राजगृहावर, आणि दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा परळवरून फिरून दादर चौपाटीला गेली. मी ज्या गर्दीला शिव्या दिल्या ती तेव्हापासून दर वर्षी येते.

गड उतरताना गुडघे लटपटत होते. निम्म्या वाटेवर एक आजी ताक घेऊन बसल्या होत्या, पाचजणांनी बारा ग्लास संपवले. रूममेटची सॅक मी घेतली, तो नको म्हणत असताना. बाटली अजून भरलेली होती.

परतीच्या एसटीत माणगाव गेल्यावर मी 5 डिसेंबरच्या रात्रीचा विषय काढला. काय बोललो ते नीट आठवत नाही, बरंच अडखळलो. तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला की शिवाजी पार्कला पाणी वाटणाऱ्या स्टॉलवर रात्री दोननंतर माणसं कमी पडतात, पुढच्या वर्षी जागणार असशील तर सांग. आणि झोपला.