गीत आणि कथेचा संगम घडविणारा वोल्फ्राम

वोल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन महाकवीच्या जन्माची नोंद कोठेही नाही, मृत्यूचीही नाही. त्याच्या हयातीतील एकाही दस्तऐवजात त्याचे नाव आढळत नाही. इ.स. ११७० च्या सुमारास तो जन्मला आणि १२२० च्या आसपास निवर्तला, हा अभ्यासकांचा अंदाज. त्याचे चरित्र जुळवावे लागते ते त्याच्याच काव्यात विखुरलेल्या उल्लेखांवरून.

हा कवी जर्मनीतील फ्रँकोनिया प्रांतातील एशेनबाख गावचा. तो स्वतःला आधी योद्धा म्हणवतो, मग कवी. आपल्या घरात उंदरांनाही खायला मिळणे कठीण, अशी दारिद्र्याची थट्टा तो भर कथेत करतो. कुठे पत्नीचा, कुठे लेकीच्या बाहुलीचा विषय सहज निघतो. आपल्याला अक्षरओळख नाही, असेही तो सांगतो. ते शब्दशः खरे मानावे की पुस्तकी पांडित्य मिरवणाऱ्यांना लगावलेला टोला समजावा, यावर विद्वानांत मतभेद आहेत. त्याला आश्रय देणाऱ्यांत थुरिंगियाचा सरदार हेर्मान प्रमुख होता.

त्या काळी जर्मन दरबारांत काव्याचे दोन प्रवाह होते. प्रेमगीते चालीवर गायली जात. वीरांच्या दीर्घ कथा बहुधा यमकबद्ध द्विपदींत सांगितल्या जात. गीतात क्षण थांबलेला असे, कथेत काळ पुढे सरकत असे. वोल्फ्रामने दोन्ही प्रांतांत संचार केला आणि त्यांच्यातील कुंपण ओलांडले.

त्याची गीते मोजकीच, नऊच्या आसपास उरली आहेत. त्यांतील बहुतेक पहाटगीते आहेत. चोरून भेटलेले प्रेमिक, उजाडल्याची वर्दी देणारा पहारेकरी आणि अटळ ताटातूट हा त्यांचा विषय. एवढ्याशा गीतात पात्रे बोलतात, प्रसंग घडतो. म्हणजे गीतातच कथा उभी राहते. एका गीतात तर तो पहारेकऱ्यालाच गप्प करतो आणि उजाडल्यावरही ज्याला निघून जावे लागत नाही, त्या विवाहित प्रेमाची थोरवी गातो. दरबारी संकेतांना दिलेला तो धक्काच होता.

सुमारे २५ हजार ओळींचे ‘पार्त्सिफाल’ हे त्याचे सर्वांत गाजलेले काव्य. फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्रुआ याच्या अपुऱ्या राहिलेल्या कथेवर ते आधारलेले आहे. फार प्रश्न विचारू नयेत, ही शिकवण तंतोतंत पाळणारा नायक यातनांनी तळमळणाऱ्या राजाची साधी विचारपूसही करीत नाही. त्या मौनाचे प्रायश्चित्त त्याला वर्षानुवर्षे भोगावे लागते. एका प्रसंगी बर्फावर पडलेल्या रक्ताच्या तीन थेंबांत त्याला दूरच्या पत्नीचा चेहरा दिसतो आणि तो भान हरपून उभा राहतो. हा प्रसंग फ्रेंच कथेतही आहे. परंतु वोल्फ्राम तेथे वीरकथेला विरहगीताची खोली देतो. नायकाचा सावत्र भाऊ फाइरेफिझ हा एका कृष्णवर्णीय राणीचा पुत्र. काव्याच्या शेवटी तो आपल्या पत्नीसह भारताकडे जातो.

‘तितुरेल’मध्ये कवीने आणखी धाडस केले. ही कथा त्याने द्विपदींत न सांगता गाण्याजोग्या चार ओळींच्या कडव्यांत रचली. सिगुने आणि शियोनातुलांडर हे कोवळ्या वयाचे प्रेमिक. एका शिकारी कुत्र्याच्या रत्नजडित पट्ट्यावर एक प्रेमकथा लिहिलेली असते. सिगुने ती वाचत असतानाच कुत्रा निसटतो. उरलेली कथा वाचण्याच्या ओढीने ती प्रियकराला त्याच्या शोधात जायला सांगते. पुढे काय होणार, हे श्रोत्यांना ‘पार्त्सिफाल’मधून आधीच ठाऊक असते: तेथे प्रियकराचे कलेवर मांडीवर घेतलेली सिगुने त्यांना भेटलेली असते. त्यामुळे उत्सुकतेची जागा करुणा घेते आणि प्रत्येक कडवे विलापिका बनते. सुमारे १७० कडव्यांनंतर हे काव्य तुटते. पुढे अल्ब्रेख्त नावाच्या कवीने ते सहा हजारांहून अधिक कडव्यांपर्यंत वाढविले आणि ती रचनाही दीर्घकाळ वोल्फ्रामचीच मानली गेली.

‘विलेहाल्म’ हे त्याचे युद्धकाव्यही अपुरेच राहिले. धर्मयुद्धांच्या त्या काळात त्यातील गिबुर्ग ही राणी, जिचे आप्त दोन्ही सैन्यांत आहेत, परधर्मीयही ईश्वराचीच निर्मिती असल्याचे सांगून त्यांना जीवदान देण्याची विनवणी करते.

१९व्या शतकात रिचर्ड वॅग्नरने ‘टानहॉयझर’ (१८४५) या संगीतिकेत वोल्फ्रामलाच पात्र म्हणून रंगमंचावर आणले. १८८२ च्या ‘पार्सिफाल’ला त्याच्या महाकाव्याचा आधार मिळाला. १९१७ मध्ये एशेनबाखचे नाव वोल्फ्राम्स-एशेनबाख झाले. म्युनिकच्या ग्रंथालयात १३व्या शतकातील एक हस्तलिखित जपलेले आहे. त्यात ‘पार्त्सिफाल’ आणि ‘तितुरेल’ यांच्यासोबत दोन पहाटगीतेही लिहून ठेवलेली आहेत. दप्तरांनी ज्याची दखल घेतली नाही, त्या कवीची कथा आणि गीत त्या अनाम लेखनिकांनी एकाच पोथीत सांभाळले.