फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई

रोग्याची सेवा करण्यास दयाळू अंतःकरण पुरे, असे आम्हांपैकी पुष्कळांस वाटते. नाइटिंगेलबाईंचे चरित्र पाहिले म्हणजे तेवढ्याने भागत नाही, हे कळून येते.

बाईंचा जन्म ता. १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. घरच्यांस न रुचताही त्यांनी १८५१ साली जर्मनीत कैसर्सवर्थ येथील सेविकांच्या संस्थेत शुश्रूषेचे शिक्षण घेतले. १८५४ साली, क्रिमियाच्या युद्धात, त्या ३८ स्त्रियांसह तुर्कस्थानात स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. अन्न, कपडे, धुणे यांची त्यांनी व्यवस्था लाविली; तरी त्या हिवाळ्यात शिपाई मरतच राहिले. मार्च १८५५ मध्ये सरकारी आरोग्य-मंडळाने तुंबलेली गटारे साफ करविली, तेव्हा मृत्यू झपाट्याने कमी झाले.

स्वदेशी परतल्यावर बाईंनी विल्यम फार यांच्या साह्याने मृतांचे आकडे मांडून पाहिले. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक शिपाई नेले होते. आणि आपण जेथे रात्रंदिवस राबलो तेथील घाणच त्यांस भोवली, हे त्यांस दिसले. हे कटू सत्य त्यांनी झाकले नाही. रंगीत आकृत्या काढून ते अधिकाऱ्यांपुढे मांडिले. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची शुश्रूषेची शाळा निघाली. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचा अंत झाला.

प्रिय वाचकहो, गावात ताप आला म्हणजे आम्ही रोग्याच्या उशाशी बसतोच; पण विहिरीभोवतीचा चिखल पाहतो काय? किती आजारी पडले, किती दगावले, हे लिहून ठेवितो काय?